देवडीवर अडलेले पत्र

पत्र वेळेवर पोचले नाही, की आपण आधी पोस्टमनला नावे ठेवतो. तो बिचारा उन्हातान्हातून पायपीट करून आलेला असतो; पत्र मात्र मागेच कुठल्या तरी थैलीत पडून राहिलेले असते. संगणकावरच्या मेलचीही हीच गत आहे. मेल आली नाही, की कोणी म्हणतो, "इंटरनेट गेलं," कोणी म्हणतो, "सर्व्हर बसला." खरे पाहिले तर पुष्कळदा इंटरनेट चालू असते आणि सर्व्हरही उभा असतो. पत्र अडलेले असते सर्व्हरच्या दारात. दरवाजा आणि त्या दरवाज्यावरचा पहारेकरी यांच्यामधल्या हातभर अंतरात.

या हातभर अंतराविषयी आज थोडे बोलायचे आहे. शाळा-कॉलेजे, सहकारी संस्था, लहान कारखाने अशा कितीतरी ठिकाणी स्वतःचा मेल-सर्व्हर असतो. तो बहुधा लिनक्सवर चालतो, आणि त्याची देखभाल करणारा माणूस एकटा असतो. तोही इतर दहा कामे अंगावर घेतलेला. तुम्ही तो माणूस असाल, तर हे बोलणे तुमच्यासाठीच आहे. नसाल, तरी अडलेल्या पत्राची वाट तुम्हीही कधी ना कधी पाहिलेली असतेच.

पत्र येते कसे, ते आधी पाहू. १९८२ साली जॉन पोस्टेल या अमेरिकन संशोधकाने 'एसएमटीपी' नावाची नियमावली लिहून काढली. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राकडे पत्र कसे सोपवायचे, याची ती रीत आहे, आणि सुधारत सुधारत आजही तीच चालते. ही रीत अगदी साध्या संभाषणासारखी आहे. येणारे यंत्र २५ क्रमांकाच्या पोर्टवर दार ठोठावते, आपले नाव सांगते, पत्र कोणाचे आणि कोणासाठी ते सांगते, आणि मग मजकूर हवाली करते. प्रत्येक वाक्याला आतून तीन आकड्यांचे उत्तर मिळते. त्यातला पहिला आकडा तेवढा ध्यानात ठेवा. २ म्हणजे 'ठीक आहे, घेतले'. ५ म्हणजे 'घेणार नाही, पुन्हा येऊ नका'. आणि ४ म्हणजे 'आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या'. आपली पुढची सारी हकीकत या चार आणि पाचमधल्या फरकावर उभी आहे.

लिनक्सवर हे दार सांभाळणारे जे प्रोग्रॅम आहेत, त्यांत 'पोस्टफिक्स' हा फार प्रचारात आहे. वीत्से वेनेमा यांनी तो आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेत तयार केला आणि १९९८ साली तो लोकांच्या हाती आला. पोस्टफिक्स पत्र घेण्याचे आणि पोचवण्याचे काम चोख करतो. पण पत्राबरोबर विषाणू आला आहे का, मजकूर फसवणुकीचा आहे का, पाठवणाऱ्याची सही खरी आहे का, या तपासण्या तो मुख्यतः दुसऱ्यांवर सोपवतो. हे दुसरे म्हणजे फिल्टर, आपल्या भाषेत गाळणी. त्यांच्याशी बोलण्याची एक ठरलेली पद्धत आहे, तिला 'मिल्टर' म्हणतात. 'मेल फिल्टर' या दोन शब्दांचा तो जोड आहे. सेंडमेल या जुन्या प्रोग्रॅमसाठी ही पद्धत प्रथम निघाली. पोस्टफिक्सने ती २००६ साली उचलली.

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वेशीकडे तोंड करून मोठा दरवाजा, आणि दरवाज्यालगत देवडी. देवडीवर पहारेकरी बसायचा. आलेल्या माणसाला दरवाजा थांबवी आणि देवडीकडे विचारणा होई, "याला आत सोडायचं का?" पोस्टफिक्स हा दरवाजा आणि मिल्टर ही देवडी. दोन्ही एकाच वाड्यात, एकाच यंत्रावर, पण माणसे दोन. त्यांच्यात बोलणे व्हायला मधे एक खिडकी लागते. ही खिडकी कधी पोर्टचा क्रमांक असते, तर कधी 'सॉकेट' नावाची एक खास फाइल. खिडकीतून हाक मारली आणि उत्तर आले नाही, तर दरवाज्याने काय करावे? पोस्टफिक्सच्या कर्त्यांनी याचे उत्तर आधीच ठरवून ठेवले आहे. आपण वेगळे काही सांगितले नसेल, तर पोस्टफिक्स येणाऱ्याला ४५१ हे उत्तर देतो: सेवा सध्या उपलब्ध नाही, थोड्या वेळाने या.

या उत्तराचा अर्थ मला कसा कळला, ते सांगतो. त्यात माझी फजिती आहे, पण ती उपयोगाची आहे.

एका कॉलेजचा मेल-सर्व्हर काही काळ माझ्याकडे होता. जून महिना, प्रवेशाचे दिवस. सकाळी दहाच्या सुमारास कार्यालयातून बाईंचा फोन आला. "सर, मेल जातच नाही हो. चारशे एकावन्न असं काहीतरी येतंय." पाठोपाठ दुसरी तक्रार आली, की सकाळपासून बाहेरचीही पत्रे आलेली नाहीत. मी काय केले? जे घाईतला माणूस करतो, तेच. सगळ्या सेवा बंद करून पुन्हा सुरू केल्या. दोन मिनिटांत मेल धावू लागली. बाई खूश, मी खूश. काय बिघडले होते, ते पाहायचे मात्र राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी जवळजवळ त्याच वेळी तीच रड. या वेळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक चालू होती आणि बाहेर पालक उभे होते. कोणीतरी म्हणाले, "ते फिल्टर काढून टाका ना, मेल तरी चालू राहील." मीही वैतागलो होतो. गाळणीचे नावच सेटिंगमधून काढून टाकले. देवडी रिकामी, दरवाजा सताड उघडा. मेल सुरळीत सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला बोलावून पडद्याकडे बोट दाखवले. "सर, हे बिल आपल्याकडचं वाटत नाही. उघडू का?" ओळखीच्या पुरवठादारासारखे नाव, खाली दाबून भरलेली एक झिप फाइल. बाईंनी विचारले म्हणून बरे. ती फाइल बिल नव्हतीच. कार्यालयातल्या त्या एका यंत्रावर साऱ्या विद्यार्थ्यांचे अर्ज आणि फीचा हिशेब होता. त्या दिवशी मी प्रथम शांतपणे बसलो आणि सर्व्हरच्या नोंदी वाचल्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटे दिली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. लिनक्सवर मेलची रोजनिशी वेगळी ठेवलेली असते किंवा 'जर्नल'मध्ये एकत्र असते. तिथे पाहायचे ते एवढेच, की तक्रारीच्या वेळेला पोस्टफिक्सने नेमका कोणता शब्द लिहिला आहे. 'जोडणी झाली नाही' हा काही एक आजार नव्हे. ताप अनेक रोगांत येतो, तसे हे आहे. शब्दावरून रोग ओळखायचा. असे चार शब्द आहेत, ते एकेक करून पाहू.

पहिला शब्द 'कनेक्शन रिफ्यूज्ड', म्हणजे जोडणी नाकारली. याचा अर्थ असा, की खिडकीपर्यंत हाक पोचली, पण खिडकीमागे कोणी बसलेलेच नाही. गाळणीचा प्रोग्रॅम बंद पडला आहे, किंवा तो दुसऱ्याच खिडकीत जाऊन बसला आहे. आधी सेवा चालू आहे का ते विचारा. 'सिस्टमसीटीएल' ही आज्ञा ते सांगते. चालू असेल, तर ती कुठल्या पोर्टवर कान देऊन बसली आहे, ते 'एसएस' या दोन अक्षरी आज्ञेने पाहा आणि पोस्टफिक्सच्या सेटिंगमधल्या क्रमांकाशी ताडून पाहा. ८८९१ आणि ८८९३ यांची अदलाबदल मी स्वतः केलेली आहे. इथे आणखी एक बारीक खोच आहे. सेटिंगमध्ये 'लोकलहोस्ट' एवढेच लिहिलेले असते. या नावाचे पत्ते दोन: एक जुन्या पद्धतीचा, १२७ ने सुरू होणारा, आणि एक नव्या आयपीव्ही-६ पद्धतीचा. गाळणी एका पत्त्यावर बसली आणि पोस्टफिक्सने दुसऱ्यावर हाक मारली, तर दोघेही जिवंत असून भेट नाही. म्हणून नावाऐवजी आकड्यांचा पत्ता स्पष्ट लिहावा, वाद मिटतो.

दुसरा शब्द 'नो सच फाइल', अशी फाइलच नाही. हा सॉकेटच्या खिडकीचा रोग. पुष्कळदा असे होते, की तुम्ही स्वतः जाऊन पाहता, तर फाइल डोळ्यांसमोर असते! मग पोस्टफिक्सला ती का दिसत नाही? कारण पोस्टफिक्सचा दारावरचा कारकून, 'एसएमटीपीडी' त्याचे नाव, पुष्कळ ठिकाणी कोंडून ठेवलेला असतो. डेबियन आणि उबुंटू यांच्या पुष्कळ आवृत्त्यांत तर ही मुळातलीच व्यवस्था आहे. याला 'क्रूट' म्हणतात. बाहेरून कोणी या कारकुनाला फितवले, तरी त्याने वाडाभर हिंडू नये, म्हणून त्याला 'व्हार-स्पूल-पोस्टफिक्स' या एका खोलीत ठेवले आहे. त्याच्या दृष्टीने ती खोली म्हणजेच सारे जग. तुम्ही त्याला सांगता, 'रन' नावाच्या दालनातल्या खिडकीपाशी जा. तो आपल्या खोलीतच 'रन' नावाचा कोपरा शोधतो, आणि मग लिहून ठेवतो, की अशी फाइलच नाही. तो खोटे बोलत नसतो. उपाय सोपा आहे. खिडकी त्याच्या खोलीच्या आत काढा. गाळणीच्या सेटिंगमध्ये खोलीसकट पूर्ण पत्ता लिहायचा. पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये खोलीच्या आतला तेवढाच लिहायचा. एकाच खिडकीची ही दोन नावे आहेत, हे एकदा पटले, की गोंधळ संपतो.

'रन'वरून आठवले. हे दालन मेमरीत असते, आणि यंत्र बंद करून सुरू केले, की साफ पुसले जाते. तिथे तुम्ही हाताने फोल्डर केला असेल, तर तो पुढच्या वेळी नसणार. रात्री यंत्र आपोआप अद्ययावत होऊन पुन्हा सुरू झाले आणि सकाळी मेल बंद, अशी तक्रार आली, तर आधी इथे पाहावे.

तिसरा शब्द 'परमिशन डिनाइड', परवानगी नाही. खिडकी आहे, माणूस आहे, पण खिडकीत हात घालण्याचा हक्क नाही. सॉकेट नुसता दिसून भागत नाही. त्यावर लिहिण्याचा अधिकार लागतो, आणि तो ज्या फोल्डरात आहे, त्यातून आत जाण्याचाही अधिकार लागतो. सामान्यतः पोस्टफिक्सच्या वापरकर्त्याला गाळणीच्या गटात घातले, की काम होते. पण गटात घातल्यावर सेवा पुन्हा सुरू करायला विसरू नका. आधीपासून चालू असलेल्या प्रक्रियेला आपल्याला नवा गट मिळाला आहे, हे कळत नाही. रेड हॅट कुळातल्या लिनक्सवर 'एसई-लिनक्स' नावाचा आणखी एक कडक अधिकारी असतो. फाइलचे सारे हक्क बरोबर असूनही अडत असेल, तर त्याची 'ऑडिट'ची वही उघडा. काही लोक या अधिकाऱ्यालाच घरी बसवतात. ते करू नका. त्याला नेमकी एवढीच एक परवानगी देता येते.

चौथा शब्द 'टाइम्ड आउट', वाट पाहून कंटाळलो. नाकारणे आणि उत्तर न येणे यांत फरक आहे. नकार झटकन येतो. इथे काहीच येत नाही. गाळणी दुसऱ्या यंत्रावर असेल, तर मधल्या फायरवॉलने हाक गिळली असण्याचा संभव मोठा. गाळणी याच यंत्रावर असेल, तर ती जिवंत आहे, पण कामात बुडालेली आहे. पोस्टफिक्स जोडणीसाठी ३० सेकंद थांबतो, प्रत्येक आज्ञेच्या उत्तरासाठी ३० सेकंद, आणि पत्राचा मजकूर तपासून होईपर्यंत ३०० सेकंद. एवढ्यातही उत्तर येत नसेल, तर गाळणी स्वतः कोणाची तरी वाट पाहत असते. पुष्कळदा ती डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेची वाट पाहते. पाठवणाऱ्याची सही तपासायची, काळ्या यादीत नाव पाहायचे, तर बाहेर विचारणा करावी लागते. ते उत्तर रखडले, की गाळणी रखडते, गाळणी रखडली की दरवाजा रखडतो. दोष पुन्हा पोस्टमनच्या माथी!

हे चार शब्द झाले. पण माझ्या कॉलेजच्या लॉगमध्ये यांतला एकही नव्हता. तिथे होते 'मिल्टर-रिजेक्ट', आणि पुढे तेच ४५१. हा फरक मी आधी पाहिलाच नव्हता. वरचे चारही शब्द सांगतात, की दरवाज्याची हाक देवडीपर्यंत पोचली नाही, किंवा देवडीने उत्तर दिले नाही. त्यांच्यापैकी एकही नसता नुसता 'मिल्टर-रिजेक्ट' असेल, तर तो सांगतो, की हाक पोचली, पहारेकरी जागा आहे, आणि 'नंतर या' असे तो स्वतःच म्हणाला. मग प्रश्न दरवाजाला विचारायचा नाही, पहारेकऱ्याला विचारायचा.

माझी गाळणी होती 'क्लॅमएव्ही' या विषाणूशोधकाची. तिच्यात माणसे दोन आहेत. खिडकीत बसणारा मिल्टर वेगळा, आणि आत बसून प्रत्यक्ष तपासणी करणारा 'क्लॅमडी' वेगळा. मिल्टरची वही उघडली, तर तिथे स्वच्छ लिहिले होते, की क्लॅमडी जागेवर दिसत नाही. पुढचा धागा कर्नलच्या वहीत सापडला. मेमरी संपली म्हणून कर्नलने क्लॅमडीला ठार केले होते. लिनक्सची ही एक रीत आहे. मेमरी संपून सारे यंत्रच कोसळायची वेळ आली, की कर्नल जास्त जागा अडवणाऱ्या प्रक्रियेचा बळी देतो आणि बाकीचे वाचवतो.

पण रोज त्याच वेळी का? क्लॅमडी विषाणूंच्या खुणांची मोठी यादी मेमरीत घेऊन बसतो. ती १ जीबीच्या आसपास किंवा जास्तच जागा खाते. या यादीची नवी आवृत्ती वरचेवर येते. २०२० साली आलेल्या ०.१०३ या आवृत्तीपासून क्लॅमडी नवी यादी भरत असताना जुनीही हाताशी ठेवतो, म्हणजे तपासणी थांबू नये. हेतू चांगलाच आहे. पण तेवढ्या काळापुरती जागा दुप्पट लागते. आमच्या यंत्राची मेमरी सारी मिळून २ जीबी. दिवसभर सुरळीत, आणि यादी बदलायच्या घटकेला मरण. मी सेवा पुन्हा सुरू केल्या, की तो पुन्हा उभा राही, दुसऱ्या दिवशीच्या यादीपर्यंत! मी ज्याला दुरुस्ती समजलो, ती चोवीस तासांची उसनवारी होती.

उपाय दोन होते. जुनी यादी सोडून मगच नवी भरायची, असे सेटिंगमध्ये सांगता येते. तेवढा वेळ तपासणी थांबते आणि पत्रे जरा ताटकळतात, पण त्याने काही बिघडत नाही. तो उपाय त्याच दिवशी केला. पुढे यंत्राची मेमरी ४ जीबी केली.

आता तुम्ही विचाराल, "अहो, पण या दोन दिवसांत अडलेल्या पत्रांचं काय झालं?" हाच खरा जिवाचा प्रश्न, आणि इथेच त्या चार आणि पाचमधल्या फरकाचे मोल कळते. ४५१ ऐकून परत गेलेले पत्र हरवत नाही. ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर रांगेत उभे राहते, आणि तो सर्व्हर पुन्हा पुन्हा दार ठोठावतो. निदान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नये, असे नियमावलीच सांगते. पोस्टफिक्स स्वतः ५ दिवस प्रयत्न करतो. कॉलेजला येणारे अर्ज दुपारपर्यंत आपापले येऊन पोचले. हेच उत्तर पाचने सुरू झाले असते, तर त्याच क्षणी पत्र परत गेले असते आणि पालकाला 'पत्ता स्वीकारत नाही' असा निरोप मिळाला असता. म्हणून घाईघाईने सेटिंग 'रिजेक्ट' करू नये.

तरी निर्धास्तही राहू नये. चार-पाच दिवस म्हणजे काही अनंत काळ नव्हे. शनिवार-रविवारी बिघडले आणि जोडून सुट्टी आली, तर निम्मी मुदत तिथेच संपते. शिवाय काही पत्रांचे आयुष्यच मुळी लहान असते. बँकेचा ओटीपी दहा मिनिटांत मरतो; तो तासाने पोचून काय उपयोग?

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. तुमची गाळणी दारात आहे की चौकात? वर सांगितलेली मिल्टरची गाळणी दारात असते. पत्र आत घेण्यापूर्वीच ती तपासते. दुसऱ्या पद्धतीत पोस्टफिक्स पत्र आधी आत घेतो, २५० म्हणून पोच देतो, आणि मग ते 'अमाविस'सारख्या प्रोग्रॅमकडे १००२४ या पोर्टवर तपासायला पाठवतो. तपासलेले पत्र १००२५ वरून परत येते. इथे जोडणी तुटली, तर पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याच्या लेखी पत्र पोचलेले असते. ते पडून राहते तुमच्या रांगेत, आणि त्याची जबाबदारी सर्वस्वी तुमची असते, कारण पोच तुम्ही दिलेली आहे. अशा वेळी रांग पुसून टाकण्याचा मोह प्राणघातक आहे. गाळणी दुरुस्त करा आणि मग रांग हलवा. नुसती दुरुस्ती केल्यावर पत्रे लगेच निघत नाहीत, याचेही भय वाटू देऊ नका. दोन प्रयत्नांमधले अंतर पोस्टफिक्स वाढवत नेतो, ४००० सेकंदांपर्यंत. 'पोस्टक्यू' या आज्ञेने रांगेला 'चला आता' असे सांगता येते.

राहता राहिला तो सल्ला, "फिल्टर काढून टाका." मी तो एकदा ऐकला, आणि एक रात्र दरवाजा उघडा राहिला. हा सल्ला देणारा वाईट माणूस नसतो. त्याला समोर उभे असलेले लोक दिसत असतात. पण पत्र दोन तास उशिरा पोचले, तर माणूस चिडतो; विषारी पत्र वेळेवर पोचले, तर कार्यालय बसते. प्रत्येक गाळणी मात्र सारखी नसते, हेही खरे. पोस्टफिक्सच्या ३.० या, म्हणजे २०१५ सालच्या आवृत्तीपासून प्रत्येक मिल्टरला वेगळा नियम लावता येतो: ही गाळणी गैरहजर असेल तर पत्र सोडा, ती गैरहजर असेल तर थांबवा. नुसती शोभेची शिक्के मारणारी गाळणी असेल, तर खुशाल सोडा. विषाणू शोधणारी असेल, तर थांबवा. जाणाऱ्या पत्रांवर डीकेआयएमची सही करणारी असेल, तरीही थांबवलेलेच बरे. कारण बिनसहीची पत्रे मोठे सर्व्हर संशयाने पाहतात आणि ती 'स्पॅम'च्या कोपऱ्यात जाऊन पडतात. मात्र हा निर्णय निवांत वेळी घ्यावा आणि लिहून ठेवावा. पालक दारात उभे असताना घेतलेला निर्णय बहुधा चुकतो.

दुरुस्ती झाली, मेल सुरू झाली, की काम संपले असे समजू नका. मेल चालू आहे, याचा अर्थ पहारा चालू आहे, असा होत नाही. उघड्या दरवाज्यातूनही मेल झकास येते. पहारेकरी खरोखर तपासतो आहे का, हे पाहण्यासाठी 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी आहे. विषाणूशोधक प्रोग्रॅम तिला ठरवून विषाणू मानतात. बाहेरच्या पत्त्यावरून ती स्वतःला पाठवा. अडली, तर देवडीवर माणूस आहे. पोचली, तर पुन्हा लॉग उघडा.

आता सारे थोडक्यात सांगतो. मेल अडली, की आधी पत्रे कुठे आहेत ते पाहा: पाठवणाऱ्याच्या रांगेत की आपल्या. मग लॉगमधला नेमका शब्द वाचा आणि कागदावर उतरवून घ्या. हाक पोचली नाही, की पोचून नकार आला, ते ठरवा. त्या शब्दाने दाखवलेल्या जागीच हात घाला. एका वेळी एकच गोष्ट बदला. सेवा पुन्हा सुरू करण्यात पाप नाही, पण नोंद वाचून मग करा, कारण सारे सुरळीत झाले, की मागच्या नोंदी वाचायला आपण सहसा जात नाही. आणि कारण सापडेपर्यंत देवडी रिकामी ठेवू नका.

त्या बाई पुढे निवृत्त झाल्या. जाण्यापूर्वी त्यांनी कार्यालयातल्या नव्या मुलीला कामाची एक वही लिहून दिली. त्यात एक ओळ मेलबद्दलही होती. ती मी पाहिली आहे: चारशे एकावन्न आले तर घाबरू नये, वेळ लिहून ठेवावी, आणि सरांना फोन करून ती वेळ सांगावी. मी तीन दिवसांत जे शिकलो, ते बाईंनी एका ओळीत लिहिले होते.